नामदेवभाऊ ड्रेसर

जखमी माणूस दवाखान्याच्या वरांड्यात आणून ठेवला की सगळ्यांचे डोळे जखमेकडे जायचे. नामदेवभाऊ मात्र आधी त्याच्या पायांशी जाऊन बसायचे. दोन्ही तळवे हातात धरायचे, क्षणभर डोळे मिटायचे आणि मगच वर पाहायचे. मी नवी होते. हे नमस्कार करतात की काय, असं मला वाटलं. तसं विचारलं तर हसले.

"नमस्कार नाई, बाई. पाय गरम आहेत तवरीक माणूस इथीच आहे. पाय थंडे झाले का त्यानं निंगाची तयारी केली. जखम काय, कुठी पळून जाते?"

ही गोष्ट राज्यं बदलायच्या आधीची. आमचा चांदा जिल्हा तेव्हा मध्य प्रदेशात होता. अहेरीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, जंगलाला लागून, एका गावात बारा खाटांचा दवाखाना होता. कवेलूचं, म्हणजे कौलांचं छप्पर, पुढे वरांडा, मागे विहीर. त्या गावाचं नाव इथे मुद्दाम लिहीत नाही, कारण या गोष्टीतल्या काहींची मुलंबाळं अजून तिथे आहेत. मी वरोऱ्याची. वडील कापसाच्या जिनात कामाला होते, ते वारले होते. घरी आई आणि शिकणारे दोन भाऊ. नर्सिंग पुरं करून मी त्या दवाखान्यात लागले तेव्हा वीस वर्षांची होते, आणि नोकरी कच्ची होती. वर्षभराने वरून चांगला शेरा आला तर पक्की होणार होती.

दवाखान्यात एक डॉक्टर, एक मी, एक आया आणि नामदेवभाऊ. ते हुद्द्याने ड्रेसर. म्हणजे जखमा धुवायच्या, औषध लावायचं, पट्ट्या बांधायच्या, इतकंच त्यांचं काम. वय पंचेचाळिशीचं असेल. ठेंगणे, काळेसावळे, केस अगदी बारीक कापलेले. सरकारी पांढऱ्या कोटाच्या बाह्या त्यांनी कोपरापासून कापून टाकल्या होत्या. "बाही जखमेत बुडते," म्हणायचे. जातीने ढीवर. मूल नावाच्या गावाजवळ, एका तलावाकाठी त्यांचं गाव. बाप-आजा तलावात मासे धरत, आणि जाळी दुरुस्त करायचं काम घरातल्या पोरांकडे असायचं. दवाखान्यात ते आधी पाणी भरायला लागले होते. एकदा दुपारी विहिरीपाशी बसून ते जाळं शिवत होते, ते तेव्हाच्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी पाहिलं. त्यांनी हातात वाकडी सुई दिली, पुढ्यात बकऱ्याचं कातडं टाकलं आणि म्हणाले, हे शीव. तिथून त्यांचं शिकणं सुरू झालं. मी गेले तेव्हा ते म्हातारे डॉक्टर कधीच निवृत्त झाले होते, आणि नामदेवभाऊंच्या हातासारखा टाका चांद्यालाही पाहायला मिळत नाही, असं माणसं म्हणायची.

त्या भागात फाल्गुन-चैत्र म्हणजे मोहफुलांचे दिवस. पहाटे मोह टपटपतो, आणि उजाडता उजाडता बायका टोपल्या घेऊन झाडाखाली वाकलेल्या असतात. त्याच फुलांवर अस्वलंही येतात. अस्वलाला नीट दिसत नाही. अचानक माणूस समोर आला की ते उभं राहतं आणि तोंडावरच पंजा मारतं. वाघाने मारलेला माणूस दवाखान्यापर्यंत यायचाच नाही. अस्वलाने फाडलेला यायचा, जिवंत, शुद्धीवर, चेहऱ्यावर लुगड्याचा पदर दाबून धरलेला. आमच्या दवाखान्याचा तो हंगामच होता. डॉक्टर वर्षाच्या सुरुवातीला रेशमाचा धागा जास्तीचा मागवून ठेवायचे.

डॉक्टर तिशीच्या आतले होते. मूळचे आमच्याकडचे नव्हते. हुशार होते, पोरांना देवी टोचायला स्वतः चिखलातून चालत जायचे. नामदेवभाऊंचा हात त्यांनी पहिल्याच महिन्यात पाहिला, आणि त्यांना त्याचा कमीपणा वाटला नाही, हे मी मुद्दाम सांगते. पुढे जे झालं त्यावरून कोणी त्यांना वाईट माणूस ठरवू नये.

त्या हंगामातली पहिली बाई होती बुधरी. जंगलाच्या आतल्या पाड्यावरची, गोंडांची, लग्नाला वर्षही झालं नव्हतं. तिला खाटेवर घालून सासू आणि नवरा घेऊन आले. डाव्या बाजूचा गाल आणि खालची पापणी उलटून आली होती. मी भिंतीला धरून उभी राहिले. नामदेवभाऊंनी पाय धरले, मान हलवली आणि मला म्हणाले, "पाणी आणा. खूप आणा."

ते पाऊण तास नुसते धूत होते. डॉक्टर बाजूला उभे. मी एकदा म्हणाले, आता शिवायला घ्यायचं ना? तर वर न पाहता बोलले, "शिवाची घाई करू नोका, बाई. धुतलेली जखम अर्धी बरी. घाईनं शिवली का आत माती राह्यते, मंग तिसऱ्या दिवशी पू आमाले शिव्या देते."

मग डॉक्टरांनी बधिर करायचं इंजेक्शन दिलं, आणि स्वतः मागे सरून म्हणाले, "नामदेव, चेहरा तू घे. तुझा टाका माझ्यापेक्षा बारीक येतो."

नामदेवभाऊ जवळजवळ दोन तास शिवत होते. शिवताना त्यांची बडबड चालायची, ती माणसाचं लक्ष दुसरीकडे राहावं म्हणून. कोणत्या गावची, गावाला तलाव आहे का, त्यात कोणते मासे निघतात. बुधरीला मराठी फारसं येत नव्हतं. ते मोडक्या गोंडीत विचारत, आणि ती ओठ न हलवता घशातून हुंकार देई. मध्येच मला सांगत, "पाहा, कातडं परकं नसते. जिथचं तिथं मांडून देल्लं का आपलं आपन धरते. ओढाचं नाई. ओढलं का रुसते."

दवाखान्यात आरसा नव्हता. एक होता तो नामदेवभाऊंनी कधीच काढून घरी नेऊन ठेवला होता. टाके काढल्यावर बुधरीने हाताने गाल चाचपला आणि खुणेने आरसा मागितला. मी गोंधळले. बरी दिसतेस, असं काहीतरी बोलून वेळ मारून न्यावी, असं मनात आलं. नामदेवभाऊ स्टूल ओढून तिच्यासमोर बसले.

"आरसा कायले? मी सांगतो तुले कशी दिसते ते. डावा डोळा लहान दिसन. गालावर रेघ राहीन, कानापासून ओठापावतर. हासशीन तं तोंड उजवीकडे जाईन. पयले लोक पाह्यतीन, मंग सवय होईन. बाकी तू तूच आहेस." मग हेच सगळं त्यांनी गोंडीत सांगितलं. तिने मान खाली घातली आणि बराच वेळ रडली. त्यांनी तिला रडू दिलं.

तिचा नवरा सात दिवस दवाखान्यासमोरच्या झाडाखाली बसून होता, आत येत नव्हता. नामदेवभाऊंनी त्याला हाताला धरून आणलं. त्याने तिच्याकडे पाहिलं, मग नामदेवभाऊंकडे पाहिलं आणि एकच गोष्ट विचारली. मला ती कळली नाही. नामदेवभाऊ मोठ्याने हसले. "तो इचारते, चावता येते का? घरी भाकर कडक असते म्हने." मग त्यांनी मलाच पिटाळून माझ्या डब्यातली भाकर आणायला लावली. बुधरीने उजव्या बाजूने एक तुकडा चावून दाखवला, आणि दोघं पायी पाड्याकडे निघून गेली.

रात्रंदिवस अशा जखमा पाहणारा माणूस कठोर होतो म्हणतात. नामदेवभाऊ झाले नव्हते. एखाद्या जखमेचा व्रण वाकडा आला तर ते चार दिवस नीट जेवत नसत. त्यांची बायको पार्वताबाई माझ्याकडे येऊन सांगायची, "तुमीच काही बोला वो बाई त्यायले." मी बोलले की म्हणायचे, "डाक्टरची चूक कागदावर राह्यते. ड्रेसरची चूक माणसाच्या थोबाडावर राह्यते. बाजारात भेटला का दिसते."

चैत्राच्या मध्यावर डॉक्टरांना नागपूरहून पत्र आलं. त्यांची बायको तिकडे पहिल्या बाळंतपणाला गेली होती, आणि तिची तब्येत बरी नव्हती. त्यांनी रजेचा अर्ज आधीच पाठवला होता, मंजुरी आली नव्हती. सकाळी चांद्याकडे जाणारी प्रवाशांची मोटार फाटकाशी उभी राहिली तेव्हा ते पिशवी घेऊन ड्रेसिंगच्या खोलीत आले. मी तिथेच स्टोव्हवर सुया उकळत होते.

"नामदेव, मी चार दिवसांत येतो. कागदावर मी दौऱ्यावर आहे, कोणाला सांगू नकोस. कोणी आलं तर थांबू नकोस, तूच शीव. चांद्याला पाठवत बसलास तर वाटेत मरतील."

"पोटाचं आलं तं?"

"पोटाचं पाठव. बाकीचं शीव. मी आहे जबाबदार."

हे शब्द मी ऐकले. त्यांच्यापासून तीन हातांवर उभी होते.

ते गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आठच्या सुमाराला बळवंतला आणलं. गावच्या जुन्या मालगुजाराचा, म्हणजे जमीनदाराचा पुतण्या. बावीस वर्षांचा, उंचापुरा, गावात सगळ्यांशी हसून बोलणारा मुलगा. ठासणीची बंदूक घेऊन तो अस्वलाच्या मागे गेला होता. गोळी लागली, पण अस्वल मेलं नाही. डोकं आणि खांदा फाटला होता, पण खरी जखम मांडीत होती. तिथून रक्त उसळत होतं. काकाने धोतर फाडून आवळून धरलं होतं, तरी खाट भिजून खाली ठिपके पडत होते.

नामदेवभाऊंनी पाय धरले. या वेळी डोळे मिटले नाहीत. "थंडे होऊन राह्यले," एवढंच म्हणाले.

काका ओरडत होता, "डाक्टर कुठी आहे?"

"दौऱ्यावर गेले, मालक. याले चांद्याले न्या. मोटार तं आता संध्याकाळी, पन लाकडाच्या ठेकेदाराचा ट्रक पाहा."

"चांद्यापावतर टिकते का हा?"

नामदेवभाऊंनी खाटेखालचे ठिपके पाहिले. मग खरं ते बोलले. "असाच नेला तं नाई टिकत."

"मंग तूच कर जे कराचं ते. तुझ्या हाताले यश आहे. कर, नामदेव."

मी मांडीवर दोन्ही हातांनी दाबून धरलं. त्यांनी बोटांनी चाचपत ती नस शोधली आणि बांधली. रक्त थांबलं. त्यानंतर डोकं, खांदा, सगळं धुतलं, शिवलं. दुपार झाली. काकाचा माणूस सायकलवर ट्रक शोधायला गेला होता. तो संध्याकाळी परत आला, ट्रक पार सिरोंच्याकडे गेला होता. मोटार आली, पण खचाखच भरलेली. एवढ्या धक्क्यांत बांधलेली नस सुटेल, या भीतीने नामदेवभाऊच नको म्हणाले. सकाळी ट्रक येईल, असं ठरलं. बळवंतला शुद्ध होती. नामदेवभाऊंनी त्याला त्यांच्या तलावातल्या मरळ माशाची गोष्ट सांगितली, तो जाळं फाडून कसा जातो ती. बळवंत हसला. मी ते हसू पाहिलं म्हणून सांगते, आम्हाला दोघांनाही वाटलं की हा वाचला.

दुसऱ्या दिवशी ट्रक आला तेव्हा त्याला ताप चढला होता आणि तो असंबद्ध बोलत होता. खाट ट्रकवर चढवेपर्यंत नाडी हाताला लागेना. नामदेवभाऊ ट्रकमध्ये चढले आणि त्याचे पाय मांडीवर घेऊन घासू लागले. मी खाली उभी. बराच वेळ ते घासत राहिले. मग थांबले. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं.

डॉक्टर असते तर बळवंत वाचला असता का? आज इतक्या वर्षांनीही मला सांगता येणार नाही. बाटलीतलं रक्त आमच्याकडे नव्हतं, ते चांद्यालाही तेव्हा सहज मिळत नव्हतं. नामदेवभाऊंना मी विचारलं होतं. ते म्हणाले, "कोनाले माहीत, बाई. पन त्याच्या मायले डाक्टर पाह्यजे होता. ड्रेसर नाई."

काकाने तक्रार केली. दुःखात माणूस कोणावर तरी धावतो. 'ज्याला अधिकार नाही अशा इसमाने माझ्या पुतण्यावर शस्त्रक्रिया केली आणि त्याचा जीव घेतला,' असं वकिलाकडून लिहवून त्याने वर पाठवलं. डॉक्टर परत आले होते. त्यांना मुलगी झाली होती, बायको अजून अंथरुणावर होती. चौकशीचा कागद आला त्या दिवशी दुपारी ते माझ्याकडे आले. खुर्चीवर बसले नाहीत.

"सिस्टर, उद्या तुम्हाला विचारतील. मी परवानगी दिली होती की नाही, ते."

मी हातातली पट्टी गुंडाळत राहिले.

"मी रजेशिवाय गेलो होतो. परवानगीचं निघालं की तेही निघेल, मग मी जाईन, नामदेवही जाईल. नामदेव गेला तर दुसरा ड्रेसर येईल. मी गेलो तर इथे दोन-दोन वर्षं डॉक्टर येत नाही, तुम्हाला माहीत आहे. तुमची नोकरीही अजून कच्ची आहे." शेवटचं वाक्य त्यांनी धमकी म्हणून म्हटलं नव्हतं. त्यांचे डोळे भरले होते. पण ते वाक्य मी रात्रभर ऐकत राहिले.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांच्या खोलीत टेबलामागे वरचे साहेब बसले होते. डॉक्टरांनी सांगितलं, मी दौऱ्यावर होतो, फक्त पट्टी बांधून रोगी पुढे पाठवायची सूचना देऊन गेलो होतो. मग मला बोलावलं. नामदेवभाऊ दाराशी उभे होते, धुतलेल्या कोटात.

साहेबांनी विचारलं, "डॉक्टरांनी जाताना या माणसाला टाके घालायची परवानगी दिली होती का?"

मी म्हणाले, "मला माहीत नाही."

"तुम्ही तिथे नव्हता?"

"मी बायकांच्या वॉर्डात होते."

त्यांनी ते लिहून घेतलं. मी सही केली. बाहेर जाताना मला नामदेवभाऊंच्या अगदी जवळून जावं लागलं. त्यांनी मला वाट द्यायला अंग चोरलं.

संध्याकाळी मी ड्रेसिंगच्या खोलीत गेले. काहीतरी बोलायचं होतं. ते धाग्याची बरणी पुसत होते. माझ्याकडे न पाहता म्हणाले, "धागा स्पिरिटात बुडालेला राहू द्या, बाई. उन्हाळ्यात झाकन ढिलं राह्यलं का उडून जाते. मंग धागा तुटते." बस, तेवढंच. मी उभी राहिले आणि परत फिरले.

पंधरा दिवसांत हुकूम आला. 'हयगय व अधिकाराबाहेरील वर्तनामुळे रोग्याच्या मृत्यूस कारणीभूत,' म्हणून कामावरून कमी. ते आणि पार्वताबाई एका बैलगाडीत भांडी, दोन ट्रंका आणि एक गुंडाळलेलं जाळं घालून गेली. मी खिडकीतून पाहिलं. बाहेर गेले नाही.

पुढच्या मोहाच्या हंगामात चेहरे डॉक्टरांनीच शिवले. त्यांनी जीव तोडून शिवले, पण ते वाकडे आले. त्यानंतर त्यांनी बदली मागून घेतली. माझी नोकरी पक्की झाली होती.

तीन वर्षांनी आषाढात मी देवीच्या लशीच्या कामासाठी मूलला गेले होते. एका तांदळाच्या गिरणीतल्या मजुरांना टोचायचं होतं. गिरणीत कोंडा धुक्यासारखा तरंगत होता. एका कोपऱ्यात एक माणूस हातात दाभण घेऊन तांदळाच्या पोत्यांची तोंडं सुतळीने शिवत होता. टाके बघूनच मी ओळखलं. सगळे सारख्या अंतरावर. ते खोकत होते, आणि भुवया कोंड्याने पांढऱ्या झाल्या होत्या.

"बाई!" म्हणून ते उठले. माझं लग्न झालं का, भावांची शिक्षणं कुठवर आली, सगळं विचारलं. मला ते सहन होईना. मी तिथेच, पोत्यांच्या मध्ये, सांगून टाकलं. "नामदेवभाऊ, मी खोटं बोलले. डॉक्टर तुम्हाला बोलले तेव्हा मी तिथेच होते."

"माहीत आहे ना. तुमी सुया उकळून राह्यल्या होत्या."

"मी आता वर लिहिते. खरं काय ते लिहून कळवते. लिहू का?"

मला वाटलं होतं, ते म्हणतील, जाऊ द्या बाई, झालं गेलं. मोठ्या मनाची माणसं असंच म्हणतात, असं मी ऐकलं होतं. खरं सांगायचं तर त्यांनी तसं म्हणावं म्हणूनच मी विचारलं होतं.

त्यांनी दाभण पोत्यात खोचलं आणि म्हणाले, "लिवा."

तेच पुढे बोलले. "नोकरी नाई पाह्यजे मले. ते वय गेलं. पन गावात बातमी आली ना, याच्या हातानं पोट्टा मेला म्हनून. मांगच्या महिन्यात शेजारच्या पोरीचा पाय विळ्यानं कापला. मी उठलो, धावलो. तिची माय म्हने, तुमी नोका हात लावू, भाऊ. हळद भरली तिनं. आता पोरगी लंगडते." थोडं खोकले. "माह्या हातानं कोनी मेलं नाई, असं नाई मी म्हनत. मेला तो. पन मले कर म्हनलं होतं म्हनून मी केलं, एवढं कागदावर पाह्यजे. लिवा, बाई. कागद आला का मी दाखवीन."

"लिहिते," मी म्हणाले. त्यांचा पत्ता घेतला.

परत आल्यावर मी लिहायला बसले. पहिला कागद फाडला, त्यात मीच फार बिचारी वाटत होते. दुसरा लिहून ट्रंकेत ठेवला. तेवढ्यात माझं लग्न ठरलं. सासरची माणसं चौकशी करत होती, नोकरीत काही भानगड नको, असं आई म्हणाली. मग माझ्या बढतीचा कागद वर गेला होता, तो येईपर्यंत थांबू, असं मी मनाशी ठरवलं. दसरा गेला, दिवाळी गेली. कागद ट्रंकेतच होता. कपडे काढताना दिसायचा, आणि मी वर दुसरं लुगडं टाकायची. बढती आली. शेवटी माघात मी तो कागद पाकिटात घातला आणि पोस्टात टाकला. त्याचं काय झालं, मला आजवर कळलं नाही. वरून कधी उत्तर आलं नाही, आणि मलाही कोणी काही विचारलं नाही.

पाकीट टाकल्यावर आठवड्याने मी मूलला गेले. पत्र गेलं, हे त्यांना तोंडाने सांगावं म्हणून. गिरणीत ते नव्हते. तलावाकाठच्या त्यांच्या गावी पोचले तेव्हा ऊन कललं होतं. पार्वताबाई अंगणात धान वाळवत होती. मला पाहून उठली नाही. बसा म्हणाली. तिच्या कपाळाकडे पाहून मला कळलं.

"पौषात गेले," ती म्हणाली. "छातीत कोंडा बसला होता. शेवटी शेवटी बोलता येत नव्हतं."

मी पत्राचं सांगितलं. लिहिलं, गेल्या आठवड्यात टाकलं, असं काहीतरी. तिने धानातला एक खडा वेचला आणि बाजूला फेकला.

"तुमी गिरनीत आल्या होत्या ना, त्या दिवशी घरी येऊन पोटभर जेवले. मले म्हने, बाई लिवनार आहे. मंग रोज इचारत, डाकवाला आला का? मी म्हनो, आला, पन आपलं काही नाई. तं तोंड पडून जाये त्यायचं." ती हाताने धान पसरत राहिली. "मंग मी सांगनंच सोडलं. डाकवाला दारावरून गेला तरी म्हनो, आज आलाच नाई वो, तिकडे पूर आहे म्हने. पौषातबी पूर म्हनलं मी त्यायले. त्यायनं मानलं."